घरात आधी कोणाला झालं होतं का?

मला झटका आला तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं. हे आधीच सांगते, कारण आजारी माणसाची वाचा गेली की उशाशी बसलेल्यांना वाटतं याचे कानही गेले. माझे कान शाबूत होते. ते नसते तर कदाचित मी आज जास्त सुखात असते.

माझं नाव संघमित्रा, घरात मितू. वय बेचाळीस. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसेविका आहे. आमच्या पदाचं नाव अलीकडे बदललं, पण गावाच्या तोंडी अजून तेच आहे. राहायला आम्ही सावेडीत, म्हणजे नगरमध्येच. नवरा जयंत शाळेत शिक्षक, मुलगी श्रावस्ती बारावीला. मी रोज एसटीने जाऊन येऊन नोकरी करायची.

त्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला मी एका दाखल्यावर सही करत होते. सही अर्ध्यावर असताना पेन घसरलं. उचलायला गेले तर उजवा हात माझं ऐकेना. आमचे शिपाई पोपटभाऊ दारातून म्हणाले, "मॅडम, च्या सांगू का?" मला 'नको' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "उद्या."

पोपटभाऊ हसले. दिवसभर मी लोकांना तेच सांगायची ना, उद्या या. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. उजवी बाजू खाली ओघळली होती.

त्यांनी दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ मिलिंद, श्रीगोंद्यात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. अर्ध्या तासाच्या आत तो गाडी घेऊन आला. दारातच थबकला, माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटला, "आबासारखंच झालं हे."

आबा म्हणजे आमचे वडील. मी वीस वर्षांची असताना ते गेले. कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होते, वय सत्तेचाळीस. मला सांगितलं गेलं होतं की ते पायरीवरून पडले, डोक्याला मार लागला आणि संपले. मग 'आबासारखंच' म्हणजे काय? मी खुर्चीवरून पडले नव्हते. माझ्या डोक्याला काही लागलं नव्हतं.

मला विचारायचं होतं. तोंडातून पुन्हा आलं, "उद्या."

*

गाडीत पोपटभाऊंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. दादा म्हणाला, "आधी वस्तीवर नेऊ. तिथं लकव्याचं औषध देतात. त्याच दिवशी आणलेला माणूस चालत जातो म्हणं."

"मिलिंदभाऊ, थेट नगरला न्या ना," पोपटभाऊ म्हणाले.

"तुम्ही गप बसा. मला म्हाईत हाय काय करायचं ते."

त्या वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये माणसं ओळीने बसली होती. आमचा नंबर यायला दोन तासांवर वेळ गेला. कोणीतरी नाकात थेंब सोडले, दंडाला तेल चोळलं आणि एक हिरवा रस पाजला. तो घशाखाली उतरेना, ठसका लागून मी गुदमरले. घाबरून दादाने तिथून गाडी काढली, ती नगरला.

वाचणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघायचं आणि मेंदूचा स्कॅन जिथे होतो अशा दवाखान्यात जायचं. वाटेत कुठेही थांबायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. मला हे माहीत होतं. गावाच्या भिंतीवर मीच ते रंगवून घेतलं होतं. पण बोलायला तोंड लागतं.

*

दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. जयंत शाळेतून तसाच येऊन दारात उभा होता. स्कॅन झाला. रक्ताची गुठळी अडकली होती. मग एक तरुण डॉक्टरीण आली. तिचं नाव केतकी, पुढे महिनाभर ती माझी डॉक्टर होती. तिने पहिला प्रश्न विचारला, "त्रास नेमका कधी सुरू झाला?"

दादा म्हणाला, "दोनला. दोन वाजता."

मी डोळे मोठे करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वळवली.

"घरात आधी कोणाला झालं होतं का? आईवडील, भावंडं?"

"नाही," दादा म्हणाला. "कोणाला नाही."

डॉक्टर केतकी नर्सला म्हणाली, वेळेत आहेत, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन तयार करा. त्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते, उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हेही मी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. म्हणून मी डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. घड्याळाचं मनगट. तिला वाटलं मी घाबरलेय. "काही होणार नाही हं ताई," ती म्हणाली. मी घड्याळाच्या काचेवर बोट आपटत राहिले. "उद्या! उद्या! उद्या!"

तेव्हा भिंतीशी उभे असलेले पोपटभाऊ पुढे आले. घाबरतच म्हणाले, "मॅडम, दोन न्हाई. सव्वादहाला झालं हे. मी फोन केल्ता, ह्ये बघा." आणि त्यांनी आपला मोबाईल तिच्यासमोर धरला.

 इंजेक्शन तसंच परत गेलं. डॉक्टर केतकी दादाला एवढंच म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

जाताना दादाने माझ्या पायाला हात लावला. तो पाय मला कळत नव्हता.

*

दवाखान्यातले दिवस एकसारखे असतात. सहाला बीपी, सातला स्पंजिंग, आठला सुई, मग दाटसर पेज, कारण पातळ पदार्थ चुकून श्वासनळीत जातो. दहाला फिजिओथेरपीवाला यायचा. तो माझा हात उचलून सोडायचा आणि हात गादीवर पडायचा. बाराला वाचा शिकवणाऱ्या बाई. त्या पेल्याचं चित्र दाखवायच्या.

"हे काय आहे?"

"उद्या."

"हे?" मुलीचा फोटो.

"उद्या."

श्रावस्तीला रडू फुटलं, ती खोलीबाहेर पळाली. मला आतून स्पष्ट दिसत होतं की ती श्रावस्ती आहे, ती पहाटे उठून अभ्यास करते, तिला वांगं आवडत नाही. नाव मात्र जिभेपर्यंत येईतो बदलून जायचं. एक दिवस भेटायला आलेले पोपटभाऊ म्हणाले, "मॅडम आजारपणात बी उद्याच म्हनत्यात." आणि मी हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले. त्या वॉर्डात माझ्याशी पूर्वीसारखं बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

दहाव्या दिवशी पुणतांब्याची आत्या आली. आबांची धाकटी बहीण, पासष्टीची, पदरात पेरू बांधून आणलेली. तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "कसं वाटतंय गं बाय?"

"उद्या," मी म्हणाले.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आगं माझ्या लेकरा. तुझ्या आबाचं बी आसंच हुतं बघ. त्याला बी येकच सबूद ऱ्हायला हुता."

जयंतने मान वर केली. "कधी, आत्या?"

"कधी म्हंजे? दोन म्हैने माझ्या वसरीत पडून न्हवता का? सगळी उजवी बाजू गेल्ती. पानी पायजे तरी मितू. भूक लागली तरी मितू. अंग दुखलं तरी मितू. दिवसभर आपलं मितू, मितू. दुसरं काई येतच न्हवतं त्याला." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा हात सैल पडला. "तुला ठाव न्हाई? तुला कुनीच सांगितलं न्हाई?"

त्या दोन महिन्यांत मी नगरला वसतिगृहात होते. बी.ए.चं शेवटचं वर्ष. आईचं पत्र आलं होतं की आबांची पाठ धरलीय, आत्याकडे आराम करायला गेलेत, तू परीक्षेवर लक्ष दे. पेपर संपले आणि दोन दिवसांनी दादा न्यायला आला. पुणतांब्याला गोदावरीच्या काठी आम्ही त्यांना निरोप दिला. बुद्धवंदना म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, कारण मला वाटत होतं आबा झटक्यात गेले, त्यांना काही सोसावं लागलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तीही हे सोबत घेऊन गेली.

आत्या गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडले. जयंतने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाला, "मला माहीत असतं तरी मी आपल्या लग्नाला नाही म्हटलं नसतं." आणि मग तो खरं बोलला. "माझी आई म्हणाली असती."

*

मी होते त्या दवाखान्यात पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची एक नोंद भरतात. ती भरायला डॉक्टर केतकी माझ्याजवळ बसायची. एकदा तिने मोबाईलवर जगाचा नकाशा दाखवला. काही देश गडद, काही फिके, काही पांढरे. सगळीकडे हा आजार सारखा नाही, ती म्हणाली. पूर्वेकडच्या काही देशांत फार. श्रीमंत देशांत एकेकाळी खूप होता, तिथे लोकांनी बीपी मोजायला सुरुवात केली, गोळ्या घेतल्या, मीठ कमी केलं आणि तो उतरला. जपान त्यासाठी बदनाम होता, त्यानेही उतरवला. आपल्याकडे तो लवकर येतो. "तिकडे हा बहुतेक आजोबांचा आजार असतो ताई, आपल्याकडे बापाचा," ती म्हणाली.

मी पांढऱ्या भागावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या.

"तिथे आजार नाही असं नाही. तिथे मोजलेलं नाही. माणूस घरीच जातो, वहीत काहीतरी लिहितात. आपल्याही खेड्यांत तेच चालतं."

मी बोट काढून घेतलं. आमच्या गावातल्या मृत्यूंची नोंद मीच करते. कारणाच्या रकान्यात मी कितीदा 'वार्धक्य' लिहिलं असेल! बाबा महिनाभर अंथरुणाला खिळून होते, एक बाजू गेली होती, असं मुलगा सांगत असताना मी तेच लिहिलं. सोपं पडतं आणि कोणी विचारत नाही. माझ्या घरच्यांनी माझ्याशी जे केलं, ते मी गावाशी केलं होतं. नुसतं फसवलं गेल्याचं दुःख असतं तर मी ते छातीशी धरून बसले असते. ही कबुली मध्ये आली आणि तेवढंही निर्मळ राहिलं नाही.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या शिबिरात माझं बीपी वाढलेलं निघालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कोणाला लकवा, बीपी?" मी बेधडक म्हणाले, "कोणालाही नाही." ते म्हणाले, मग मीठ कमी करा, महिन्याने पुन्हा दाखवा. मी पुन्हा गेले नाही, हा माझा दोष. पण माझे वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी लुळे पडले होते हे मला माहीत असतं, तर मी गेले असते. हे मी कोणासमोरही शपथेवर सांगेन.

*

घरी आल्यावर श्रावस्तीने माझा वर्ग घेतला. शाळेतल्या बाईंसारखी पट्टी घेऊन बसायची. तिला वाटायचं मी तिचं नाव म्हणायचा सराव करतेय. तोही करत होते. पण मनातल्या मनात मी एक वाक्य जुळवत होते. अडीच महिने लागले.

दादा दर रविवारी यायचा. फळं आणायचा, जयंतशी पावसापाण्याचं बोलायचा आणि माझ्याकडे न बघता निघून जायचा. त्या रविवारी मी जयंतला आणि श्रावस्तीला बाहेर पाठवलं.

"आबा," मी म्हणाले. "दोन महिने. मितू म्हणत. होते. मला. का नाही. सांगितलं?"

दादाचा चेहरा उतरला. तो खाली बघून म्हणाला, "तुझी परीक्षा होती."

मी नकारार्थी मान हलवली.

"जयंतरावांच्या घरी बोलणी चालली होती. लकव्याचं घर म्हटल्यावर कोण सोयरीक करतंय? म्हणून तर आबाला आत्याकडं ठेवलं, श्रीगोंद्यात कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून. आईनं शपथ घातली होती मितू. मी तेवीस वर्षांचा होतो गं."

"आबांना. विचारलं?"

तो पिशवीतली फळं काढून टेबलावर मांडत बसला.

"मी आले. असते. पाणी. दिलं असतं."

"मला माहीत आहे."

"आणि वेळ? दोन. का म्हणालास?"

आता तो रडायला लागला. "इंजेक्शन द्यावं त्यांनी म्हणून. वस्तीवर वेळ घालवला हे कळलं असतं तर दिलं नसतं. मला वाटलं दिलं की तू उठशील. मला काय माहीत ते उलटतं म्हणून? मी तुला मारायला निघालो होतो का मितू?"

तो मला मारायला निघाला नव्हता. त्याचा जीव आहे माझ्यावर, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. राग त्याचाच येतो. परक्याने फसवलं तर माणूस दार लावून घेतो. आपल्यावर जीव असलेल्याने फसवलं तर दार कुठलं लावायचं? मी त्याला त्या दिवशी पाणीही विचारलं नाही.

*

यानंतर सगळं बोलून झालं, मोकळं झालं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.

चार महिन्यांनी दादाच्या मुलीला, प्रज्ञाला, पाहायला पाहुणे येणार होते. प्रज्ञा नर्सिंग झालेली, एकवीस वर्षांची. तोवर मी काठी घेऊन चालत होते, छोटी वाक्यं बोलत होते, उजवा हात मात्र छातीशी वाकलेलाच होता. दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "मितू, रविवारी तू येऊ नकोस. राग मानू नकोस. एकदा जमलं की मग ये ना, हक्कानं ये."

मी फोन ठेवला. झटक्याच्या दिवशी मी रडले नव्हते. आत्या बोलली तेव्हाही नाही. त्या दिवशी रडले.

मग प्रज्ञाला फोन केला. स्थळ तिचं होतं, तिला विचारल्याशिवाय मला काही करायचं नव्हतं. ती सगळं ऐकून म्हणाली, "आत्या, तू ये. मला असं लपवून गेलेलं नको. उद्या माझ्या पोराला कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

रविवारी जयंतने मला श्रीगोंद्याला नेलं. पाहुणे बसले होते, मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. मला दारात पाहून दादा उठला आणि उभाच राहिला. "जयभीम," मी म्हणाले. सगळ्यांनी जयभीम केला. वहिनीने खुर्ची पुढे ओढली.

मुलाच्या आईने माझ्या हाताकडे पाहिलं. "काय झालं हो ताई?"

"पक्षाघात," मी म्हणाले. "आमच्या वडिलांनाही. झाला होता. सत्तेचाळीस. वय. आम्ही... लपवलं."

मुलाच्या आईने हातातली बशी खाली ठेवली. मग त्या प्रज्ञाला म्हणाल्या, "तुझं बीपी कधी तपासलंय का बाळा?"

"दर महिन्याला तपासते. ठीक आहे," प्रज्ञा म्हणाली. "तुमच्या मुलाचं?"

मुलाने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी काकांकडे. कोणी कधीच तपासलं नव्हतं. पोहे खाऊन पाहुणे नीट बोलून गेले आणि आठवड्याने निरोप आला, मुलाला अजून पुढे शिकायचंय.

दादाने त्याच संध्याकाळी फोन केला. "झालं तुझं समाधान?" एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. प्रज्ञा दोन दिवस जेवली नाही, हेही लिहायला हवं, कारण खरं बोलण्याची किंमत माझ्याऐवजी तिने दिली. ती मला भेटायला आली तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, "दुःख होतंय आत्या. पण तुझ्यामुळे नाही."

*

मी आता पुन्हा कामावर आहे. डाव्या हाताने सही करते. मृत्यूच्या कारणाचा रकाना भरताना चार प्रश्न जास्त विचारते, लोक कंटाळतात. जयंत, श्रावस्ती, मी, तिघं सकाळी चहाच्या आधी बीपी मोजतो. माझी गोळी चुकत नाही.

दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनी सांगते की पाहुण्यांच्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनी तो कोणाला न सांगता दवाखान्यात जाऊन आला. बीपी खूप वाढलेलं निघालं. गोळी सुरू केलीय, पण मला कळू द्यायचं नाही असं वहिनीला बजावलंय. आमच्या घराची लपवायची सवय अशी सहजी जायची नाही.

माझा राग गेलेला नाही. आबा दोन महिने माझं नाव घेत होते आणि मी चाळीस-पन्नास मैलांवर पेपरची तयारी करत होते, हे मला रोज आठवतं. यासाठी मी दादाला माफ करीन असं मला वाटत नाही, आणि कोणी तसा आग्रह करू नये.

तरी दर रविवारी मी वहिनीला फोन करते आणि त्याचा आकडा विचारते. परवा ती हळू आवाजात म्हणाली, थोडं उतरलंय.